खाजवून खरूज होत नाही

उगाच कुरापत काढणाऱ्याला आपण ‘खाजवून खरूज काढू नकोस’ असे बजावतो. बोलण्यात ते शोभून दिसते, पण वैद्यकाच्या दृष्टीने त्यातला क्रम उलटा आहे. खाजवल्यामुळे खरूज होत नाही. खरूज झाल्यामुळे खाज सुटते, आणि पहिल्यांदा लागण झालेल्या मुलाला खाज सुटेपर्यंत खरूज घरात शिरून बहुधा महिना उलटलेला असतो. मलम लावूनही ‘पुन्हा झाली’ अशी तक्रार ज्या घरांतून येते, त्यांपैकी बऱ्याच घरांची अडचण या उशिरात दडलेली असते.

खरूज हा मागे पडलेला, गरिबीतला, जुन्या काळचा आजार आहे अशी अनेकांची समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला, आणि कोणत्याही एका वेळी जगात २० कोटींहून अधिक लोकांना ती झालेली असते असा संघटनेचा अंदाज आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये गेल्या काही वर्षांत खरजेचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तिथल्या वसतिगृहांत आपली मुले शिकायला ठेवलेल्या पालकांना धक्का बसला असेल. त्वचेच्या डॉक्टरांना तो बसला नसावा, कारण माणसे एकमेकांजवळ झोपतात तिथे खरूज जाते, मग ती आश्रमशाळा असो, चाळीतली दहा बाय बाराची खोली असो किंवा परदेशातले वसतिगृह असो.

मुलांच्या संसर्गजन्य, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या, त्वचारोगांपैकी खरूज आणि गजकर्ण या दोहोंवर घरच्या घरी सर्वांत जास्त उपचार होतात आणि सर्वांत जास्त चुकाही होतात. येथे मुख्यतः खरजेविषयी लिहिले आहे, कारण तिचे गणित एकदा समजले की बाकीचे बरेचसे आपोआप समजते.

भिंतीतला बिनभाड्याचा भाडेकरू

खरजेला कारण असलेला किडा आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला आणि जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसलेला असतो. १६८७ साली इटलीतील जोव्हान्नी कोझिमो बोनोमो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन आणि चित्र प्रसिद्ध केले, तरीही खरूज ‘रक्तातल्या उष्णतेने’ होते ही समजूत पुढे दीडशे वर्षे युरोपातही टिकली आणि आपल्याकडे ती आजही आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीच्या गिलाव्यासारखा असतो. मादी किडा आतल्या विटांपर्यंत जात नाही. ती गिलाव्यातच आडवे भुयार खणते, त्यात राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, पिल्ले त्वचेवर येतात आणि साधारण दोन आठवड्यांत त्यांची वाढ पुरी होते. आश्चर्य म्हणजे सर्वसाधारण रुग्णाच्या अंगावर एका वेळी दहा-पंधराच किडे असतात. अंगभर शेकडो पुळ्या दिसत असल्या तरी प्रत्येक पुळीत किडा नसतो; बहुतेक पुळ्या म्हणजे शरीराने उठवलेला आरडाओरडा असतो.

या आरडाओरड्यालाच आपण खाज म्हणतो. किड्याची लाळ, विष्ठा आणि अंडी या परक्या वस्तू आहेत हे शरीराला ओळखता यावे लागते, आणि पहिल्या लागणीत त्याला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्यांदा लागण झाली तर ओळख जुनी असल्याने एक ते चार दिवसांतच खाज सुटते. म्हणून आज मुलगी खाजवत असेल, तर तिच्या कुशीत झोपणाऱ्या धाकट्या भावाला खाज नसणे हा तो निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. त्याचे शरीर अजून ओरडायला शिकलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

खरूजच आहे हे ओळखायचे कसे

रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढणारी खाज ही पहिली खूण, आणि घरात एकाहून अधिक जणांना खाज असणे ही दुसरी. तिसरी खूण म्हणजे जागा. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवती, कमरेला नाडी बांधतो तिथे, कुल्ले आणि मुलग्यांच्या लिंगावर उठलेल्या पुळ्या खरजेकडे बोट दाखवतात. तान्ह्या बाळांत मात्र तळहात, तळपाय, डोके आणि चेहऱ्यावरही पुळ्या येतात, त्यामुळे ‘खरूज चेहऱ्यावर येत नाही’ हे ऐकीव वाक्य बाळांच्या बाबतीत फसवे ठरते.

डॉक्टरांकडून कधीकधी केली जाणारी एक साधी चाचणी पाहण्यासारखी असते. संशयित जागेवर शाईच्या पेनाची शाई चोळतात आणि लगेच ओल्या कापसाने पुसून घेतात. वरची शाई निघून जाते, पण भुयार असेल तर त्यात मुरलेली शाई मागे राहते आणि मनगटावर काही मिलिमीटरची नागमोडी निळी रेघ उमटते. ती एकदा पाहिली की ‘उष्णता बाहेर पडतेय’ या निदानावरचा विश्वास उडतो. आमच्या घरात पुतणीच्या पोटावरच्या पुळ्यांना आम्ही सगळ्यांनी पंधरा दिवस घामोळे म्हटले आणि तिला चंदन लावत बसलो. मनगटावरची रेघ डॉक्टरांनी दाखवली तोवर घरातल्या आणखी दोघांना खाज सुटली होती. निदान मात्र एकदा डॉक्टरांकडूनच व्हावे, कारण इसब, घामोळे आणि डास किंवा ढेकूण चावल्याच्या खुणा यांची खरजेशी सहज गल्लत होते आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो.

ट्यूबचा हिशेब

खरजेवरचे सर्वांत प्रचलित औषध म्हणजे ५ टक्के पर्मेथ्रिन असलेले क्रीम. औषध चांगले आहे; चुकतो तो त्याचा हिशेब.

एक घर घेऊ. आई, बाबा, आजी, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम क्रीम लागते, आठ वर्षांच्या मुलीला त्याच्या निम्मे आणि तीन वर्षांच्या मुलाला सुमारे पाव म्हणजे आठेक ग्रॅम. तिघा मोठ्यांचे ९०, मुलांचे २३, असे ११३ ग्रॅम झाले. आठवड्याने हे सगळे पुन्हा लावायचे असते, म्हणजे एकूण २२६ ग्रॅम, अर्थात ३० ग्रॅमच्या जवळजवळ आठ ट्यूब. प्रत्यक्षात काय होते? आई मेडिकलमधून एक ट्यूब आणते, मुलीच्या पुळ्यांवर ठिपक्याठिपक्याने आठवडाभर पुरवून लावते, आणि दोन आठवड्यांनी औषधाला नावे ठेवते.

वाळवी लागलेल्या घरात एका दाराच्या चौकटीवर औषध मारून आपण थांबत नाही, कारण वाळवी दिसते त्या जागेपुरतीच नसते हे आपल्याला ठाऊक असते. खरजेचे क्रीम पुळीवर नव्हे तर अंगावर लावायचे असते, आणि अंगावर म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर, त्याला खाज असो वा नसो. आठ ट्यूबचा खर्च सगळ्यांना झेपेल असे नाही. तसे असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या हा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. कोविडच्या काळात हे नाव भलत्याच कारणाने घराघरांत पोचले, परंतु खरजेवर ते खरोखर काम करते. या गोळीचा डोस वजनावर ठरतो, ती अंडी मारत नसल्याने एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावी लागते, आणि १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना व गर्भवतींना ती सहसा देत नाहीत. म्हणून ती स्वतःच्या मनाने मुलाला देण्याची गोष्ट नव्हे.

शनिवारची रात्र

शाळेचा आणि कामाचा खोळंबा नको म्हणून शनिवारची रात्र सोयीची. क्रीम त्वचेवर आठ ते चौदा तास राहायला हवे, त्यामुळे रात्री नऊला लावले तर सकाळी सातच्या आंघोळीपर्यंत काम होते.

लावण्यापूर्वी मुलांची नखे अगदी बारीक कापावीत. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच क्रीम लावू नये. अंग कोरडे आणि थंड असावे. हनुवटीखालपासून तळपायांपर्यंत, म्हणजे कानांमागे, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, कुल्ल्यांच्या फटीत, जांघेत आणि पायांच्या बोटांमध्ये, एक बोटभरही जागा न सोडता पातळ थर पसरावा. नखांखाली जुन्या मऊ टूथब्रशने लावावे, कारण खाजवताना किडे आणि अंडी तिथेच अडकतात. दोन वर्षांखालील बाळांना डोके, कपाळ, गाल आणि कानांवरही लावावे लागते, फक्त डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडावी. बाळ हात तोंडात घालतेच, म्हणून हातांवर स्वच्छ मोजे चढवून मनगटाशी सैल बांधावेत. रात्रीतून कोणी हात धुतले, किंवा बाळाला शू-शी झाल्यावर पुसले, तर तेवढ्या भागावर पुन्हा लावावे. भांडी घासणारी आई इथेच हमखास चुकते: सगळ्यांना लावून झाल्यावर ती ओटा आवरते, हात धुते आणि तशीच झोपते, आणि किड्याची सर्वांत आवडती जागा असलेल्या तिच्या बोटांच्या बेचक्या कोऱ्याच राहतात.

पुढच्या शनिवारी हेच सगळे पुन्हा करायचे. पहिल्या खुरपणीने तण संपले असे कोणताही शेतकरी समजत नाही. जमिनीतले उरलेले बी उगवून वर आले की दुसरी खुरपणी करतो आणि तीही नवे तण बी धरण्याआधी. दुसऱ्या वेळच्या क्रीमचा हेतू नेमका हाच आहे. अंगावर पुळ्या उरल्या नाहीत म्हणून दुसरी वेळ टाळणे ही खरूज परत बोलावण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

कीटकनाशक बाळाच्या अंगाला कसे चालते?

ही शंका रास्त आहे, कारण पर्मेथ्रिन हे खरोखरच कीटकनाशक आहे आणि डासांच्या काही औषधांच्या कुळातले आहे. या कुळाची प्रेरणा शेवंतीच्या जातीच्या एका फुलातील नैसर्गिक द्रव्यापासून घेतलेली आहे. लावलेल्या क्रीमपैकी २ टक्के किंवा त्याहून कमी भाग त्वचेतून शरीरात जातो आणि माणसाचे शरीर तो झपाट्याने मोडून बाहेर टाकते. किड्याला ती सोय नाही. दोन महिन्यांपुढील बाळांना ते देता येते. दोन महिन्यांखालील बाळांसाठी डॉक्टर बहुधा गंधकाचे मलम सुचवतात, जे ओळीने तीन रात्री लावावे लागते. त्याला वास येतो आणि त्याने कपडे डागाळतात, पण अगदी लहान जिवांसाठी ते जुने आणि भरवशाचे औषध आहे. गर्भवतींनी काहीही लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

एका जुन्या लोशनपासून मात्र सावध राहावे. गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड असे बाटलीवर लिहिलेले असेल, तर ते मुलांना लावू नये. त्याने फिट्स येऊ शकतात. कपाटात मागे राहिलेली अशी बाटली टाकून द्यावी.

कडुनिंब, करंज आणि कापूर

कडुनिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने आंघोळ घालण्यात सहसा तोटा नाही आणि मुलाला बरेही वाटते. परंतु बरे वाटणे आणि किडा मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडुनिंबावर आणि हळदीवर लहान प्रमाणात अभ्यास झालेले आहेत, तरी पर्मेथ्रिनमागे जसा भक्कम तुलनात्मक पुरावा आहे तसा त्यांच्यामागे नाही. औषधाच्या जोडीला पाला वापरायला माझी हरकत नाही. औषधाऐवजी वापरण्याला आहे.

काही उपाय मात्र सरळसरळ घातक आहेत, आणि ते आपल्याच घरांत केले जातात. खोबरेल तेलात कापूर विरघळवून मुलाच्या अंगाला चोळण्याची पद्धत सर्रास आढळते. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला किंवा खाजवून सोललेल्या त्वचेतून जास्त शोषला गेला तर फिट्स येऊ शकतात. निंबोळीचे, म्हणजे कडुनिंबाच्या बियांचे, तेल बाळाला पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. रॉकेल, फिनाइल आणि पाणी न मिसळलेली जंतुनाशके यांनी त्वचा भाजते. कपड्यांचे गाठोडे डांबरगोळ्या टाकून बांधणेही टाळावे: काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे वा दुपटी अंगाला लागल्याने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झालेली आहे.

पथ्याचेही असेच. वांगे, गवार, अंडी, मासे, आंबट असे सगळे बंद करून मुलाला महिनाभर मुगाच्या वरणावर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. त्वचेतल्या किड्याला मुलाच्या ताटात काय वाढले आहे याच्याशी काही कर्तव्य नसते, आणि वाढत्या वयाच्या मुलाचे अंडे बंद करून फक्त मुलाचे नुकसान होते.

गाद्या जाळायच्या का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे केनेथ मेलॅनबी या कीटकशास्त्रज्ञाने, लढाईत शस्त्र धरायला नकार दिलेल्या काही स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे आणि वापरलेली पांघरुणे त्यांना वापरायला दिली. त्यातून खरूज झालेल्यांची संख्या फारच थोडी निघाली. रुग्णाबरोबर एका अंथरुणात झोपलेल्यांना मात्र ती झाली. कपड्यांपेक्षा माणसाच्या कातडीचा दीर्घ स्पर्श हाच मुख्य रस्ता आहे हे त्यातून दिसले. शाळेत एकदा हात मिळवल्याने खरूज सहसा लागत नाही; मांडीवर बसणे, हात धरून बराच वेळ खेळणे, एका गोधडीत झोपणे यांनी लागते.

किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. तेव्हा घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही. रविवारी सकाळी आंघोळ झाल्यावर सगळ्यांनी धुतलेले कपडे घालावेत, मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, अभ्रे आणि टॉवेल कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. ५० अंश सेल्सियसच्या वर दहा मिनिटांत किडा मरतो, म्हणजे इस्त्रीही उपयोगी पडते. धुता न येणारी गोधडी, स्वेटर किंवा कापसाचे अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवले की झाले. गादी उन्हात टाकावी, जाळू नये.

औषध लावले, तरी खाज थांबेना

उपचारानंतर दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, आणि हे आधी सांगितले नाही तर पालक घाबरून औषधावर औषध लावत सुटतात. किडे मेले तरी त्यांची कलेवरे, अंडी आणि विष्ठा भुयारात तशीच असतात. त्वचेचा तो थर झडून जाईपर्यंत शरीर ओरडत राहते. या काळात कॅलामाइन लोशन, साधे खोबरेल आणि डॉक्टरांनी सांगितल्यास खाजेचे औषध पुरते. पर्मेथ्रिन मात्र रोज लावू नये, कारण त्यानेही त्वचा कोरडी पडून खाज सुटते. चार आठवड्यांनंतरही खाज कायम असेल, किंवा नव्या पुळ्या येत असतील, तर कोणीतरी उपचारातून सुटले आहे असे समजून शोध घ्यावा. बहुधा ते सुटलेले माणूस म्हणजे दुपारी मुलांना सांभाळणाऱ्या मावशी, शनिवार-रविवार येणारा मामा किंवा ‘मला काही झालेले नाही’ म्हणून क्रीम न लावलेले बाबा असतात.

गजकर्णाचे वेगळे दुखणे

गजकर्ण, म्हणजे कडेला उठावदार आणि मध्ये निवळत जाणारा गोल चट्टा, हा बुरशीचा रोग आहे. खरजेत औषध अपुरे पडते, तर गजकर्णात भलतेच औषध फार लावले जाते.

मेडिकलमध्ये ‘खाजेचे मलम’ म्हणून मागितले की हातात येणाऱ्या अनेक ट्यूबांत तीन-चार औषधांचे मिश्रण असते आणि त्यात एक तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड म्हणजे शरीराची दाह-प्रतिक्रिया दाबणारे औषध. योग्य रोगात ते उत्तम काम करते. बुरशीवर ते लावणे म्हणजे चोर घरात असताना रखवालदाराला झोपेची गोळी देणे होय. ओरडा थांबतो, लाली उतरते, दोन दिवसांत खाज जाते, आणि आतली बुरशी निर्धास्तपणे पसरते. मलम थांबवले की चट्टा दुप्पट आकाराने परत येतो, मग तेच मलम पुन्हा लावले जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, पांढरट रेघा उमटतात आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिगट नेमला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या गटात घातली. गल्लीतल्या दुकानात हा नियम किती पाळला जातो हे वाचकांना मी सांगायला नको. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती मुलाच्या गजकर्णावर लावू नये.

नुसते बुरशीविरोधी क्रीम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सुमारे दोन आठवडे चालू ठेवावे. पावसाळ्यात दमट चड्डी तशीच मुलाला घातली जाते, तिथून जांघेतले गजकर्ण सुरू होते. तिला इस्त्री फिरवण्याचे पाच मिनिटांचे काम पुष्कळ उपयोगी पडते. डोक्यात गजकर्ण झाले असेल, म्हणजे केस तुटून टक्कल पडल्यासारखा खवलेदार चट्टा दिसत असेल, तर कोणतेही क्रीम केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही आणि काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. खाज नसलेला, फिकट आणि स्पर्श न कळणारा चट्टा हे तर गजकर्ण नव्हेच. कुष्ठरोगाची शंका घेऊन तो प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. तिथे तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

मोत्यासारख्या, मध्ये खळगा असलेल्या छोट्या पुळ्या विषाणूमुळे येतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. त्या फोडल्या की वाढतात, तेव्हा हात लावू नये.

घरच्या उपचाराची हद्द

खाजवलेल्या जागेत नखांतले जंतू शिरतात आणि तिथे पू किंवा मधासारखी पिवळी खपली धरते. म्हणीत तथ्य असेलच तर ते इथे आहे: खाजवून खरूज होत नाही, पण खाजवून खरूज चिघळते. यातल्या एका प्रकारच्या जंतूमुळे त्वचा बरी झाल्यावर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, कोऱ्या चहासारखी गडद लघवी किंवा लघवीचे प्रमाण कमी होणे ही त्याची लक्षणे असून, ती दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पू, ताप, पसरत जाणारी लाली, दोन महिन्यांखालील बाळ, किंवा कातडीवर जाड पापुद्रे धरणारी खरूज, यांपैकी काहीही असेल तर घरचा उपचार तिथे संपतो.

शाळेत सांगावे का?

सांगावे. पहिल्या रात्रीचा उपचार झाला की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकते, त्यामुळे आठवडाभर घरी ठेवण्याचे कारण नाही. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या घरी कळले नाही तर तीच खरूज महिन्याभराने परत येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या आणि शाळांत जी आरोग्य तपासणी होते, तिच्या यादीत खरूज आणि गजकर्णही आहेत, हे शिक्षकांना माहीत असतेच असे नाही.

सर्वांनी एकदम औषध घेतल्याने काय होते ते फिजीमध्ये पाहायला मिळाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत, काही वस्त्यांमध्ये फक्त रुग्णांना आणि त्यांच्या जवळच्या माणसांना क्रीम दिले, तर काही वस्त्यांमध्ये खाज असो वा नसो, सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिले. वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या वस्त्यांत खरजेचे प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८ टक्क्यांवर आले होते. दुसऱ्या वस्त्यांत ते ३२.१ वरून १.९ टक्क्यांवर आले होते.

लोक काय म्हणतील, ही भीती मला समजते, कारण खरूज म्हणजे अस्वच्छता हे आपल्या मनात घट्ट बसलेले आहे. रोज दोनदा साबण लावूनही गिलाव्यातला किडा निघत नाही, आणि डॉक्टरांच्या मुलांनाही खरूज होते. तेव्हा शनिवारी रात्री क्रीम लावायला घेण्यापूर्वी दोन फोन करावेत: एक, गेल्या महिन्यात ज्यांच्या घरी मुले राहायला गेली होती त्या आत्याला, दुसरा, दुपारी घरी येणाऱ्या मावशींना, आणि त्यांच्या घरच्यांच्या क्रीमचे पैसेही आपणच द्यावेत.